तळाला लागलेलं धोंडस

भाद्रपद उतरणीला लागला की महाडच्या बाजारात तवशी दिसू लागतात. तवसं म्हणजे काकडीच, पण वेलावर राहून पिवळीधमक झालेली, राठ सालीची आणि कडेवर घ्यावी लागेल इतकी जड. बाहेरगावचे लोक तिला भोपळ्याची जात समजतात. मला मात्र तवसं दिसलं की आधी नाक जागं होतं. हळदीच्या पानाचा वास येतो, मग कढलेल्या गुळाचा, आणि त्यांच्या पाठोपाठ करपण्याचा. तोपर्यंत मी भाजीवालीसमोर नुसतीच उभी असते. सून म्हणते, "आई, तुम्ही अशा उभ्या राहता की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी रस्ता चुकली." चुकतेच मी. थेट वाडीवर जाऊन पोचते.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, घाट चढायला लागतो त्या अंगाला. वाडीतले बहुतेक बाप्ये मुंबईला गिरणीत, आणि बायका उतारावरच्या नाचणी-वरीत. एकोणीसशे तीसच्या आसपासचं सांगते आहे. तेव्हा मुंबईहून घरी यायचं म्हणजे आगबोटीने बाणकोट, तिथून होडीने खाडी चढून दासगाव-महाड, आणि पुढे बापाने दिलेले पाय. पावसाळ्यात बोटी बंद. त्यामुळे आषाढापासून आमच्या घरात बायकांचंच राज्य असे. आई, काकी, मी आणि माझी धाकटी बहीण येसू. बाबा दसऱ्याच्या आगेमागे यायचे. काकांना रजा शिमग्याला मिळे. दोघे भाऊ एकाच वेळी घरी आलेले मी फार थोडे वेळा पाहिले.

पाऊस ओसरून उन्हं पिवळी व्हायची, गोठ्याच्या छपरावर तवशाचा वेल पसरलेला असायचा आणि त्याच्या पानांआडून एकेक तवसं बाळंतिणीसारखं आरामात पडलेलं दिसायचं. ते उतरवायचं काम माझं. खाली काकी पदर पसरून उभी. "टाकू नकोस गो, हळू सोड. डोस्क्यात पडलं तर तुझा काका दुसरी करील!" असं म्हणून ती स्वतःच इतकी हसायची की पदर हलायचा आणि तवसं जमिनीवर जाऊन फुटायचं. मग फुटलेल्याचं धोंडस करायचं, हे ओघानेच आलं. काकी ही फूट मुद्दाम पाडते, असं आईचं मत होतं.

धोंडस म्हणजे आमच्याकडचा केक, असं मी सुनेला सांगते. तेव्हा आम्हाला केक माहीत नव्हता आणि त्यामुळे काही अडलंही नव्हतं. तवसं किसायचं, त्याच्याच पाण्यात भाजलेली तांदळाची कणी भिजवायची, गूळ आणि ओलं खोबरं घालायचं, जाड बुडाच्या टोपात हळदीची पानं अंथरून त्यावर ते ओतायचं. मग खाली मंद विस्तव आणि झाकणावरही निखारे. दोन्हीकडून ऊब लागली की ते फुगतं, वर तांबूस पापुद्रा धरतं. सगळं कौशल्य त्या विस्तवात. काकीच्या हातचं धोंडस चवीला वाडीत पहिलं आणि करपण्यातही पहिलं, कारण तिचं तोंड सुरू झालं की चुलीकडे लक्ष राहत नसे.

काकीचं नाव सखू. ती कुणाशीही बोले. माणसांशी, म्हशीशी, जात्याशी, उतू जाणाऱ्या दुधाशी. दूध उतू गेलं तर त्याला शिव्या देऊन झाल्यावर त्याची समजूतही काढी. अशी ही काकी वर्षातून एकदा मुकी होत असे. बाबा घरी असत तेव्हा. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीने बोलायचं नाही, समोर यायचं नाही, ही आमच्या वाडीतली जुनी रीत. बाबा स्वयंपाकघरात आले की काकी डोक्यावर पदर ओढून मागच्या दाराने परसात. काही सांगायचंच असलं तर माझ्यामार्फत. "तुझ्या बाबांना म्हणावं, पाणी तापलंय." बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले असत, त्यांना सगळं ऐकू गेलेलं असे, तरी मी ते पुन्हा म्हणायचं आणि मग बाबांनी मलाच सांगायचं, "आलो म्हणावं." इतक्या वर्षांत बाबांना तिचा आवाज जो ऐकू आला तो कुजबुजीएवढाच, आणि तोही माझ्या कानाला लावलेला. दारापाशी मी नसले तर काकी बांगड्या वाजवी, की मी आलेच.

आणि वर्षभर जिच्या तोंडून शब्द निघत नव्हता ती आमची येसू. तिचं चौथं सरत आलं होतं. कान तिखट, मांजर चाललेलं तिला कळे. हसे, रडे, रुसे, बोटाने दाखवी, हाताला धरून ओढी. पण शब्द नाही. वाडीतली तिच्या बरोबरीची पोरं भांडायला लागली होती, शिव्यासुद्धा शिकली होती, आणि ही भांडणात नुसती समोरच्याच्या तोंडाकडे बघत राही. आई देवाला नवस बोलून झाली, जिभेला मध-वेखंड लावून झालं. आणि आईची आणखी एक गोष्ट होती. येसूने मान वळवायच्या आत आई तिच्या हातात पाण्याचं भांडं ठेवी. तिने पाय घासला की मुंगी चावली हे आईला माजघरातून कळे. लेकरू बोलत नाही म्हणून आई त्याच्या वाटचंही समजून घेई. दोघींचं ते मुकं गूळपीठ बघायला फार गोड होतं, आणि आता कळतं, जरा भीतिदायकही.

त्या वर्षी पाणवठ्यावर एका बाईने आईला विचारलं, "मुकीला नाय आणलीस ती?" वाईट मनाने नव्हे. आमच्याकडे लंगड्याला लंगडा म्हणतात आणि त्याच्याच पानात पहिली भाकरी वाढतात. पण वाडीत एकदा नाव पडलं की ते सरणापर्यंत सोबत येतं. आई हंडा भरून वर आली, तो खाली ठेवला, आणि काकीला म्हणाली, "सखू, माझ्या पोरीचं नाव गेलं गो." एवढंच. त्या दिवशी ती जेवली नाही. दसऱ्याला बाबा येतील, त्यांच्याही कानावर तेच नाव पडेल, आणि एकदा बापानेही ते मानलं की मग झालं, ही धास्ती तिने घेतली. मला तिने काही सांगितलं नव्हतं, पण भाकरी थापताना तिचे हात मध्येच थांबत.

काकी त्यावर काही बोलली नाही, हेच नवल. दुसऱ्या दिवशी मात्र तिने मला वेलावर चढवलं, आणि त्या हंगामात आमच्याकडे इतकी धोंडसं झाली की गोठ्याचं छप्पर उघडं पडलं.

धोंडस करायला बसताना येसूला ती मांडीशी घेई. पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून केलेली आमची किसणी होती. तिच्यावर तवसं धरायला काकीचा हात आणि काकीच्या हातावर येसूचा. "कीस, कीस. बग, पानी सुटलं. गार हाय ना? गार!" तवशाचं देठाकडचं टोक कडू निघतं का, ते चाखायचा मान येसूला. ते बहुधा कडूच असे. येसूचं तोंड आंबट चिंचेसारखं होई आणि काकी तिच्याहून वाईट तोंड करून म्हणे, "कडू! थू थू, कडू!" मग लगेच गुळाचं बोट. "आता गोड." ओठाला लागलेला गूळ जिभेने काढायची येसूची धडपड चाले आणि काकी तो पुसू देत नसे. "चाट ती, जीब काढ. लांब. गायीला जमतं, तुला नाय काय?" विस्तव फुलवायला फुंकणीही तिच्याच हाती. गाल फुगवून ती फुंकायची, राख उडून तिच्याच भुवयांवर बसायची.

यात काही मोठी युक्ती होती असं काकीला कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. तिला कामाला हात हवे होते आणि बडबडीला कान. पण एक गोष्ट ती नक्कीच जाणून करी. गुळाची वेळ आली की मिठाचं मडकं पुढे ओढून ओंजळ भरे. "हे घालू ना? घालते हां." येसू घाबरून तिचं मनगट धरी, मान जोरजोरात हलवी. "नको? मंग काय घालू गो?" आणि मग काकी गप्प बसे. जगात कुणासाठी न थांबणारी ती बाई ओंजळीत मीठ धरून येसूच्या तोंडाकडे बघत थांबे. येसू गुळाकडे बोट करी. "गूळ व्हय! गूळ म्हण की. बरं, गूळ घालू." पुन्हा बडबड सुरू.

आईला हे बघवत नसे. "सखू, नको छळूस पोरीला."

"छळत नाय वैनी. तुमी तिच्या डोळ्यांतलं वाचताव, मंग तिनं तोंड कशाला उघडायचं? मला बाई वाचता येत नाय."

आई उठून गोठ्यात गेली. रागावली म्हणून नाही, पटलं म्हणून गेली, असं मला वाटतं. पण त्यानंतरही येसूच्या हातात पाण्याचं भांडं मागायच्या आधीच येत राहिलं. आईचा हात ऐकत नव्हता.

पुढे मी ट्रेनिंग करून मास्तरीण झाले. डोंगरातून आलेली पोरं पहिल्या दिवशी वर्गात दगडासारखी बसत. मी फळ्यावर चित्र लावून 'म्हणा, कमळ' म्हणे. त्यातल्या निम्म्यांनी कमळ जन्मात पाहिलेलं नसे. मग मी शाळेच्या मागच्या अंगणात चूल मांडायला शिकले. तांदळाच्या पिठाची पानगी भाजायची, एकाने पान आणायचं, एकाने पीठ पसरायचं, एकाने उलटायचं. पानगीला हात भाजला की जो गप्प असतो तोही बोलतो. पाठ करून दिलेला शब्द पोरं परत करतात. गरज पडली म्हणून काढलेला शब्द मात्र त्यांचा होतो. हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही.

असो. त्या हंगामात आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द कुठला, असं विचाराल तर मी बेलाशक सांगेन, 'करपलं'. काकी गोष्टीत रंगे, धूर निघे, आणि मग आई गोठ्यातून, मी अंगणातून, काकी स्वतः, सगळ्या एकदम ओरडत धावत असू. कमळापेक्षा किती जीव होता त्या शब्दात!

बाबा आले ते नवरात्रात. खाकी पिशवीतून मुंबईची नानकटाई निघाली. येसू आईच्या मागे. बाबांनी नानकटाई पुढे धरली. "बाबा म्हण. म्हण बघू, बाबा." तिने ती घेतली आणि पळाली. दिवसभर त्यांचं तेच चाललं होतं. अंगणात, ओटीवर, जेवताना. "बाबा म्हण." गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात वर्ष काढलेला माणूस, त्याला एक शब्द हवा होता. आई वाढताना त्यांच्याकडे बघत नव्हती. तेवढ्यात शेजारचा एक पोरगा अंगणातून ओरडला, "मुकीचा बाबा आला!" बाबांचा हात ताटात थांबला. मग ते भात कालवत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकीने धोंडस लावलं. टोपाखाली विस्तव, झाकणावर निखारे, सगळं जागच्या जागी. आई पाण्याला गेली होती. इतक्यात बाबा आंघोळ करून सरळ स्वयंपाकघरात आले आणि चुलीशी पाय शेकत बसले. वर्षातून थोडे दिवस मिळणारी घरची चूल, त्यांना ओटीवर करमेना. काकी पदर ओढून मागच्या दाराने बाहेर. तिच्या पाठीला चिकटून येसू. आणि मी? मी बाबांना वाचून दाखवत होते. शाळेत जाणारी वाडीतली पहिली मुलगी! पाठ मागच्या दाराकडे, पुस्तक नाकाला, आवाज टिपेला.

धोंडस करपायला लागलं. बाबा टोपाच्या अगदी जवळ, पण गिरणीतल्या धुरळ्याने त्यांचं नाक कधीच गेलं होतं. मी धड्यात बुडालेली. बाहेर काकीला वास आला. तिने बांगड्या वाजवल्या. मला त्या ऐकू आल्या, खोटं कशाला सांगू, पण दोन ओळी राहिल्या होत्या. तिने पुन्हा वाजवल्या. आत येता येईना, ओरडता येईना. दारापाशी ती नुसती तगमगत होती. दिरासमोर तोंड उघडायचं म्हणजे केवढा अपराध! आणि हातचं धोंडस डोळ्यांदेखत जात होतं. काकी नंतर सांगे, "मी काय शिकवलं नाय तिला. माझ्या तोंडाला पदराचा बोळा. मी नुसती तिच्याकडं बगितली."

आजवर येसूच्या वतीने सगळं घर बोलत होतं. त्या दारात तिला पहिल्यांदा कुणीतरी अशी भेटली, जिच्या वतीने तिला बोलायचं होतं.

ती आत आली. बाबांच्या समोर उभी राहिली. टोपाकडे बोट केलं, गाल फुगवले, फुंकणीत फुंकताना फुगवायची तसे, आणि म्हणाली, "कप्पलं!"

मी वाचायची थांबले. बाबांनी पाय ओढून घेतले. येसूला वाटलं, यांना कळलं नाही. तिने पाय आपटला. "करपलं! करपलं!"

मागच्या दारातून आई आत येत होती, डोक्यावर हंडा. तिने तो हळूच, थेंब न सांडता उतरवला आणि जमिनीवर बसली. "काय म्हंतेस? परत म्हण गो." "करपलं," येसू म्हणाली. "अजून येक डाव म्हण." "करपलं." टोपातून काळा धूर निघत होता, आणि आम्ही सगळे येसूच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. चुलीकडे एकाचाही हात गेला नाही. तेव्हा बाहेरून अशी आरोळी आली की छपरावरचा कावळा उडाला.

"अवो वैनी, ती म्हंतेय ते ऐका तरी! आदी टोप उतरवा!"

आईने टोप उतरवला. बाबांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. तिथे आता फक्त पदराचं टोक हलत होतं. मग ते मला म्हणाले, "तुझ्या काकीला म्हणावं, आवाज चांगला हाय." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. उपरण्याने पुसताना म्हणाले, धूर लय झालाय.

धोंडस वरून तांबूस, मधोमध मऊ आणि तळाला कोळसा झालं होतं. मधलं आम्ही खाल्लं. तळाची काळी खरवड आई म्हशीला टाकी नेहमी. तिला करपटाचा वास मुळीच सहन होत नसे. त्या दिवशी तिने उलथन्याने ती सगळी काढली आणि स्वतःच्या पानात घेतली. मी हात पुढे केला तर दिला नाही. "खरवड खाल्ली की लग्नात पाऊस पडतो," मी तिचंच वाक्य तिला सुनावलं. "माझं झालंय लगीन. पडूंदे पाऊस," आई म्हणाली, आणि कडू खरवडीचा एक तुकडाही तिने मागे ठेवला नाही.

पुढचे काही दिवस येसूला तो एकच शब्द पुरला. काळी भाकरी करपलं, मावळलेला सूर्य करपलं, बाबांची विडी करपलं. पाणवठ्यावरच्या त्या बाईने तिला उचलून घेतली. तिचे दात मिशरीने काळे झालेले. येसूने वाकून तिच्या तोंडात पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाली, "करपलं." सगळ्या बायका इतक्या हसल्या, आणि ती बाईही हसली, की त्यानंतर येसूला मुकी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. बाबा मात्र 'बाबा' न ऐकताच मुंबईला परत गेले. त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. चाळीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं म्हणे, पोर बोलली माझी, आणि पहिलाच शब्द कामाचा बोलली. 'बाबा' त्यांना पुढच्या वर्षी मिळालं, वाडीच्या वळणावर, लांबून आणि पुष्कळ वेळा.

आईने मात्र त्यानंतर एकही धोंडस वेळेवर उतरवलं नाही. जराशी खरवड धरू देई. काकी ओरडे, "वैनी, वास येतोय!" आई म्हणे, "येऊंदे." आता त्या मोठ्या माणसांतलं कुणी उरलं नाही. काकी गेली तेव्हा मी तिथे नव्हते. ती शेवटपर्यंत बोलत होती असं ऐकलं, आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

येसूला पोलादपुरात दिलेली. तिलाही आता नातवंडं आहेत. घरात पाऊल टाकायच्या आधी तिचा आवाज येतो आणि गेल्यावरही बराच वेळ घरात राहतो. तवशांचे दिवस आले की ती एस.टी.ने महाडला येते. काल आली. मी गॅसवर धोंडस लावलं होतं. झाकणावर निखारे कुठून आणणार, तर तापलेला तवा ठेवते. सून दोनदा डोकावली. "आई, खाली लागतंय." म्हटलं, लागू दे. जिन्यात चपला वाजल्या, पिशवी भिंतीला घासल्याचा आवाज आला, आणि दार उघडायच्या आधीच बाहेरून हाक आली,

"अगो, करपलं ना! करपलं!"

सून गॅस बंद करायला धावली. मी तिचा हात धरला.

"थांब जरा," मी म्हटलं. "तिला अजून एकदा म्हणू दे."